फॉरेन्सिक प्रकल्पातून दहावीच्या मुलांना आनुवंशिकता शिकवता येईल का? शाळेत प्रयोगशाळा नाही.

येईल की! 'डबा कोणी पळवला?' असा गुन्हा रचा आणि संशयितांच्या नावाने कागदी पट्ट्या करा. डीएनएच्या ठरावीक जागी छोटा तुकडा किती वेळा सलग येतो, त्याचे दोन आकडे पट्टीवर लिहा: एक आईकडचा, एक वडिलांकडचा. मुलाचे 7 आणि 11, आईचे 7 आणि 9, मग 11 कुठून आला? आनुवंशिकतेचे नियम मांडणारा मेंडेल इथेच डोक्यात शिरतो. गुन्ह्याच्या जागी सापडलेल्या डीएनएशी एकच जागा जुळली म्हणून चोर ठरवू देऊ नका. अमेरिकेत 2017 पासून अशा 20 जागा तपासतात. इंग्लंडमधल्या लेस्टरजवळच्या खुनाच्या खटल्याबद्दल जरूर सांगा: 1986 मध्ये डीएनएने आधी कबुली दिलेल्या निर्दोष मुलालाच सोडवलं. मुलांचे खरे रक्तगट मात्र यात आणू नका; ते आईवडिलांशी जुळले नाहीत तर प्रश्न उठतील, घरच्या भानगडी वर्गात नकोत.