लघवी आवरत नाही, म्हणून पाणी कमी करावे का?

प्रश्न : माझे वय 67 असून मी परभणी जिल्ह्यातील एका खेड्यात राहते. दोन वर्षांपासून लघवीची घाई एकाएकी होते आणि मोरी गाठेपर्यंत लुगडे ओले होते. रात्रीही तीन-चारदा उठावे लागते. एसटीने लेकीकडे जाणे मी सोडले असून उन्हाळ्यातही पाणी मोजूनच पिते. हे वयाचे म्हणून सोसावे काय?

उत्तर : सोसण्याचे कारण नाही. आपल्या वर्णनावरून हा अतिक्रियाशील मूत्राशयाचा त्रास वाटतो. त्यात मूत्राशय पुरते भरण्याआधीच त्याचा स्नायू आकसतो. खोकताना किंवा ओझे उचलताना थेंब गळणे हा प्रकार निराळा असतो, परंतु पुष्कळ स्त्रियांना दोन्ही त्रास असतात, म्हणून संकोच न करता डॉक्टरांना सर्व सांगावे.

पाणी तोडणे मात्र आजच थांबवा. मराठवाड्यातील उन्हाळ्यात त्यामुळे लघवी दाट होऊन मूत्राशय अधिकच चिडते, आणि बद्धकोष्ठता वाढली की तिचाही दाब त्यावर येतो. कमी करायचाच तर चहा कमी करावा. पाणी दिवसा पुरेसे प्यावे आणि निजण्यापूर्वीचे दोन तास बेताने घ्यावे.

प्रथम लघवी व रक्तातील साखर तपासून घ्यावी, तसेच लघवी झाल्यावर मूत्राशयात किती उरते हे सोनोग्राफीत पाहावे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी रात्री चालू असेल, तर तिची वेळ बदलण्याविषयी विचारावे.

खरा उपचार सवयीचा आहे. घाई होताच धावू नये. जागीच थांबून, वायू रोखताना आवळतो ते स्नायू आवळावेत आणि जोर ओसरल्यावर जावे. लघवीच्या दोन वेळांमधील अंतर हळूहळू वाढवत किमान 6 आठवडे हे करावे. शिवाय तेच स्नायू एका वेळी 8 वेळा, असे दिवसातून 3 वेळा, 3 महिने आवळावेत. हा व्यायाम लघवी करताना करू नये. कंटाळवाणे आहे खरे, पण याला दुष्परिणाम नाहीत.

एवढ्याने भागले नाही तर गोळ्या आहेत. ऑक्सिब्युटिनिन जुनी असली तरी उतारवयात तिने विसराळूपणा, गोंधळ आणि बद्धकोष्ठता वाढू शकते. मिराबेग्रॉन त्या मानाने बरी, मात्र रक्तदाब 180/110 किंवा त्याहून जास्त असल्यास ती देत नाहीत. पाळी गेल्यानंतर योनीमार्गातील कोरडेपणा असेल, तर इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाच्या मलमाचाही उपयोग होतो. मूत्राशयात स्नायू सैल करणाऱ्या बोटॉक्स या औषधाचे इंजेक्शन हा त्यानंतरचा मार्ग आहे.

लघवीतून रक्त गेल्यास यातील कशाचीही वाट न पाहता नांदेड, लातूर किंवा अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तपासणी करून घ्यावी.