उडणारा कर्सर आणि माझा उजवा अंगठा

शिरपूरच्या ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि दोन वर्षांपूर्वीचा मीच समोर आलो. तुम्ही लिहिता: नवा कोरा लॅपटॉप, शिष्यवृत्तीचा फॉर्म भरता भरता पान आपोआप मागे जातं आणि भरलेलं सगळं साफ. टाइप करताना कर्सर भलत्याच ओळीत जाऊन बसतो. मधूनच सगळ्या विंडो गायब. आणि दुकानदार म्हणतो, टचपॅड गेलंय, दोन दिवस ठेवून जा. ठेवून जाऊ नका. निदान हे वाचून होईपर्यंत तरी.

आधीच सांगतो, मी इंजिनियर नाही. अमळनेरला प्रबंध, प्रकल्प अहवाल, प्रश्नपत्रिका टाइप करून देतो, तेवढाच माझा संबंध. खाली जे आहे ते विंडोज ११ बद्दल आहे. तुमच्या लॅपटॉपचा खरंच हार्डवेअरचा दोष असेल तर माझं सगळं बोलणं वाया, तेव्हा दुकानाची बदलून देण्याची मुदत किती दिवस आहे ते बिलावर आजच बघून ठेवा.

माझ्या बाबतीत सुरुवात अशी झाली. जुन्या लॅपटॉपचं टचपॅड काडेपेटीएवढं होतं, नव्याचं पोस्टकार्डाएवढं. दुकानात ते बघून छान वाटलं होतं. पहिल्याच आठवड्यात ‘संशोधनाची उद्दिष्टे’ या मथळ्याच्या मधोमध ‘कापसाचे’ हा शब्द घुसलेला सापडला. मी तो तिथे लिहिलेला नव्हता, तो चार ओळी खाली हवा होता. मग एकदा अख्खा परिच्छेद निळा झाला आणि पुढचं अक्षर दाबताच नाहीसा. कंट्रोल-झेडने परत आला, पण लक्षात आलं म्हणून. लक्षात न येता किती गेले कोण जाणे. आई शेजारी बसून शेंगा फोडत होती, ती म्हणे, ‘‘तुना लॅपटॉपले भूत लागनं का रे?’’

आणि मग एका रात्री सगळंच गायब. वर्ड नाही, ब्राउझर नाही, खालची पट्टीसुद्धा रिकामी. नंतर कळलं ते असं: तीन बोटं वर सरकली की उघड्या विंडोंची छोटी छोटी चित्रं दिसतात आणि तिथेच ‘न्यू डेस्कटॉप’ असं बटण असतं. मी घाबरून त्यावर क्लिक केलं होतं, वाटलं डेस्कटॉप परत येईल. आला, पण दुसरा, कोरा. माझं काम पहिल्या डेस्कटॉपवर जिथल्या तिथे उघडं होतं. विंडोज-कंट्रोल आणि डावा बाण दाबला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. मी काय केलं, तर पॉवरचं बटण दाबून धरलं आणि सकाळच्या गाडीने जळगाव गाठलं.

सेवा केंद्राचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. काउंटरवरच्या मुलाने लॅपटॉप उघडला, दोन मिनिटं इकडेतिकडे बोट फिरवलं आणि निकाल दिला: व्हायरस, फॉरमॅट मारावा लागेल, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकायचं. मी विचारलं, डेटा राहील ना? ‘‘हो काका, फक्त सी ड्राइव्ह उडवतो, बाकीचं तसंच राहतं.’’ मीही मान डोलावली, कारण जुन्या लॅपटॉपला सी, डी, ई असे तीन भाग होते आणि माझं काम डीमध्ये असायचं. नव्या लॅपटॉपला एकच ड्राइव्ह होता. सी. डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, डाउनलोड्स, सगळं त्याच्याच पोटात. हे त्याला माहीत असायलाच हवं होतं आणि मला माहीत नव्हतं. पुढे एक कागद सरकवला, बारीक अक्षरात ‘डेटाची जबाबदारी ग्राहकाची’ असं छापलेलं, मी चष्मा न लावता सही ठोकली.

एका विद्यार्थिनीच्या प्रबंधाची दोन प्रकरणं, मार्गदर्शकांच्या सगळ्या दुरुस्त्यांसकट, गेली. माझ्या पेनड्राइव्हवर तीन आठवड्यांपूर्वीची प्रत होती. नशीब, लाल शाईने दुरुस्त केलेले कागद तिने टाकून दिले नव्हते. अकरा रात्री बसून पुन्हा टाइप केलं. तिच्याकडून एक पैसा घेतला नाही, घ्यायचं तोंडच नव्हतं. सेवा केंद्राने मात्र घेतले, कारण सॉफ्टवेअरचं काम वॉरंटीत बसत नाही म्हणे.

आणि कळस ऐका. फॉरमॅट मारून आणला त्याच संध्याकाळी कर्सर पुन्हा उडाला. उडणारच. फॉरमॅटने टचपॅडच्या सगळ्या करामती मुळात जशा चालू असतात तशा पुन्हा चालू करून ठेवल्या. पुन्हा जळगावला फोन केला, तर आता टचपॅडच बदलावं लागेल म्हणे! त्या वेळी फोनवर मी जे बोललो ते इथे लिहीत नाही.

खरं कारण शोधलं माझ्या भाच्याने, नववीतल्या. मी टाइप करत असताना त्याने मोबाइलवर माझ्या हातांचा व्हिडिओ काढला आणि सावकाश करून दाखवला. दर शब्दानंतर स्पेस दाबायला उजवा अंगठा खाली येतो आणि बटण सोडताना त्याची कड टचपॅडच्या वरच्या काठाला घासते. दर वेळी नाही, आठ-दहा शब्दांतून एकदा. लॅपटॉपला ते टॅप वाटतं, म्हणजे क्लिक. पॉइंटर, म्हणजे तो छोटा बाण, ज्या ओळीवर पडलेला असेल तिथे कर्सर, म्हणजे अक्षरं उमटतात ती लुकलुकती रेघ, जाते. लागोपाठ दोनदा घासून तळहात सरकला की मजकूर निवडला जातो, आणि निवडलेल्या मजकुरावर अक्षर दाबलं की मजकूर गेला. भूत वगैरे काही नाही, वीस वर्षांची माझी टायपिंगची सवय आणि पोस्टकार्डाएवढं टचपॅड.

म्हणून ताई, सेटिंगला हात लावायच्या आधी तुमच्या हातांचा असा व्हिडिओ घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

मग टचपॅडचं सेटिंग उघडा, ते ब्लूटूथ अँड डिव्हायसेसमध्ये असतं. संवेदनशीलता अगदी कमीवर आणा. एका बोटाने टॅप करून क्लिक होण्याचा पर्याय काढून टाका, क्लिक करायला टचपॅड दाबायची सवय करा. दोन-तीन दिवस चिडचिड होईल. दोनदा टॅप करून ओढण्याचा पर्यायही काढा. तीन बोटांनी आणि चार बोटांनी सरकवण्या-टॅप करण्याचे जे पर्याय असतात, त्या सगळ्यांना ‘नथिंग’ निवडा. हे माझं ठाम मत आहे, यावर माझ्याशी वाद घालणारे पुष्कळ भेटलेत. त्यांना तीन बोटांनी विंडो बदलायला आवडतं, बदलोत बापडे. पोटापाण्यासाठी टाइप करणाऱ्याला ऑल्ट-टॅब पुरतं.

पान मागे जाण्याचं तुमचं दुखणं मात्र वेगळं आहे, ते वरच्या कशाने जाणार नाही. ते दोन बोटांचं काम. दोन बोटं आडवी सरकली की ब्राउझर त्याचा अर्थ ‘मागच्या पानावर जा’ असा लावतो, आणि विंडोजमध्ये फक्त आडवं बंद करायची सोय मला सापडली नाही. दोन बोटांनी स्क्रोल करणंच पूर्ण बंद करता येतं, पण मग वरखालीही जाता येत नाही. फॉर्म भरताना मी सरळ माउस लावतो. त्याच सेटिंगच्या पानावर ‘माउस जोडलेला असतानाही टचपॅड चालू ठेवा’ अशा अर्थाची खूण असते, ती काढा. माउस लावला की टचपॅड मेलं.

यात एक खोच आहे. बिनवायरीच्या माउसचा छोटा रिसीव्हर लॅपटॉपला लागलेला राहिला की माउस कपाटात असला तरी लॅपटॉपला तो जोडलेलाच वाटतो आणि टचपॅड चालत नाही. माझा एक गिऱ्हाईक याच कारणाने ‘टचपॅड जळालं’ म्हणत पारोळ्याहून आला होता. आधी यूएसबीची भोकं बघा.

आपल्याकडचं आणखी एक. एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ ला जातो, बोटं ओली असतात, आणि ओल्या बोटांनी टचपॅड वेड्यासारखं वागतं. कोरड्या सुती फडक्याने पुसत जा. आणि चार्जर लावल्यावरच पॉइंटर थरथरत असेल तर चार्जर काढून बघा. थरथर थांबली तर संशय घराच्या अर्थिंगवर किंवा चार्जरवर. आमच्या जुन्या घरात तीन भोकांचं सॉकेट होतं, पण अर्थिंगची वायर पुढे कुठे गेलेलीच नव्हती! वायरमनला बोलवा, लॅपटॉपवाल्याला नको.

एका बाबतीत मात्र हे सगळं सोडून थेट सेवा केंद्रात जा: टचपॅड मधून फुगल्यासारखं वर आलं असेल, किंवा दाबताना अडकत असेल. आतली बॅटरी फुगलेली असू शकते. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, वरून दाबून बसवायचा प्रयत्न करू नका. तुमचा नवा आहे, तेव्हा शक्यता कमी, पण बोटाने चाचपून बघायला काय जातं.

आणि तरीही दुकानात ठेवायची वेळ आलीच, तर ‘फक्त सी ड्राइव्ह’ हे शब्द ऐकताच लॅपटॉप मिटून काखेत घ्या, घरी या, सगळं पेनड्राइव्हवर उतरवा आणि मग परत जा.

व्हिडिओत काय दिसलं ते कळवा. डावखुऱ्या असाल तर डावा अंगठा बघा.