तंबोरा तुझ्याच खोलीत वाजू दे

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

काल व्हिडिओ कॉलवरची गाण्याची तालीम संपता संपता तू विचारलंस, "ताई, मी ठेक्यात का बसत नाही?" आणि तेवढ्यात रेंज गेली. रडवेला चेहरा तेवढा दिसला. म्हणून लिहिते आहे.

तू ठेक्यातच होतीस. 2020 च्या टाळेबंदीत मी पहिल्यांदा असं शिकवायला बसले, तेव्हा एका मुलाला तासभर "मागे पडतोयस" म्हणून बोलत राहिले. रात्री त्याने घरी गाऊन पाठवलेली बंदिश ऐकली. सम, तालाची पहिली मात्रा, अगदी जागेवर! त्याचं अजून वाईट वाटतं मला. मग हिशेब केला. मिनिटाला 150 मात्रांची लय धरली, तर एक मात्रा 0.4 सेकंदाची. माझा ठेका तुझ्याकडे जाऊन तुझा सूर माझ्यापर्यंत यायला तेवढा वेळ लागला, की माझ्या कानाला तू अख्खी मात्रा मागे. तेव्हा यापुढे ठेका तुझ्या बाजूला लाव. मी इकडून टाळी देणार नाही.

तंबोऱ्याचंही तसंच. ही कॉलची ॲप्स बोलणं ऐकू यावं म्हणून बनवलेली. एकसारखा चालणारा आवाज त्यांना पंख्याची घरघर वाटते आणि ती तो पुसून टाकतात. काल तुझा काळी चारच्या पट्टीतला तंबोरा दोन क्षण वाजला नि विरला. तू षड्ज लांबवलास, तोही मध्येच तुटला. आवाजाच्या सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड' असेल तर चालू कर. हेडफोन वायरचेच घे, ब्लूटूथने आणखी उशीर होतो.

समोर बसून तुझा श्वास मला जसा कळला असता, तसा इथून कळत नाही. ही उणीव मोठी आहे, ती मी नाकारणार नाही. पण वर्गात मुली माझ्या सुराला टेकून गातात. त्यांचा गंधार खरा किती आणि माझ्या आधाराने लागलेला किती, हे मलाही महिनोन्‌महिने कळत नाही. काल भूप रागातला गंधार तू एकटीने लावलास. किंचित उतरलेला होता, पण तुझा होता. तालीम रेकॉर्ड कर, दुसऱ्या दिवशी ऐक, आणि कुठे उतरलीस ते मी सांगायच्या आधी वहीत लिही.

शनिवारी फोन जरा लांब ठेव, नुसता चेहरा नको, बैठक दिसू दे. आणि रेंज गेली तर थांबू नकोस, गात राहा. मी परत जोडली गेले, की तू असशील तिथून ऐकेन.

तुझी,
ताई