एसटीएन डीबीएसमध्ये लीड बाजूला जाते: रोबोट घेण्याआधी चुकीची दिशा तपासा

डीबीएस म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशन: मेंदूत खोल असलेल्या केंद्रकात, इथे एसटीएनमध्ये (सबथॅलॅमिक न्यूक्लियस), विद्युत उत्तेजनाची बारीक तार म्हणजे लीड बसवतात. प्रश्न असा: एमआरआयवर प्लॅन नीट बसतो, डोक्याला पक्की केलेली मोजमापाची फ्रेम लेक्सेलची आहे, तरी नंतरच्या सीटीत लीड दीड-दोन मिमी बाजूला दिसते. रोबोट घ्यावा का? माझ्या मते इतक्यात नको. आधी मागच्या केसेसमधला एक्स, वाय, झेड (आडवा, पुढे-मागे, वर-खाली) फरक अधिक-उणे चिन्हासकट, डाव्या-उजव्या बाजूचा वेगळा मांडा. नुसत्या ‘एरर 1.8 मिमी’वरून काहीच कळत नाही.

दोन्ही लीड रुग्णाच्या डावीकडेच सरकल्या असतील तर संशय फ्रेम, फ्यूजन (सीटी आणि एमआरआय एकमेकांवर जुळवणं) किंवा आर्कवर (फ्रेमवरची दिशा ठरवणारी कमान). सॉफ्टवेअरने फ्यूजन जुळवलं म्हणून पुढे जाऊ नका. एसी, पीसी (मेंदूचे दोन अर्ध जोडणारे पुढचा व मागचा कमिशर) आणि व्हेंट्रिकलच्या (द्रवाने भरलेल्या पोकळीच्या) कडा स्वतः डोळ्यांनी तपासा. सीटीच्या स्लाइस 1 मिमी किंवा त्याहून पातळ, गॅन्ट्री टिल्ट (सीटी यंत्राच्या कड्याचा कल) शून्य. एमआरआयचं डिस्टॉर्शन करेक्शन (चित्रातला वाकडेपणा दुरुस्त करणं) सुरू आहे ना, हेही बघा. आर्क फॅन्टमवर (चाचणीच्या नमुन्यावर) पडताळा आणि आकडे दुसऱ्याकडून मोठ्याने वाचून घ्या. 96 चा 69 होतो, थिएटरमध्ये कोणाचाही.

पहिली बाजू अचूक आणि दुसरी चुकलेली, असं वारंवार दिसलं तर संशय ब्रेन शिफ्टवर, म्हणजे शस्त्रक्रियेत मेंदूच सरकण्यावर. रुग्ण उताणा असतो. सीएसएफ (मेंदूभोवतीचा द्रव) गळतं, हवा पुढे साचते आणि फ्रंटल लोब मागे ढळतो. इथे रोबोटही वाचवत नाही, तोही शस्त्रक्रियेआधीच्या, सकाळच्याच चित्रावर चालतो. डोकं थोडं उंच ठेवा, ड्युरा (मेंदूचं बाहेरचं आवरण) कॅन्युलापुरताच (लीड नेणाऱ्या नळीपुरताच) उघडा, सक्शनचं टोक छिद्रावर धरू नका, लगेच फिब्रिन ग्लू भरा. दुसरा ड्युरा पहिली लीड बसेपर्यंत बंदच. मार्ग सल्कस (मेंदूच्या पृष्ठावरची खाच) आणि व्हेंट्रिकल टाळून जायरसच्या (उंचवट्याच्या) माथ्यावरून घ्या. हवा बरीच असेल तर त्या दिवशीच्या सीटीवरून निकाल काढू नका. ती जिरल्यावर पुन्हा मोजा.

चूक फक्त खोलीची असेल तर ती बहुधा लीड पक्की करताना होते. स्टायलेट (लीडमधली ताठ तार) काढण्याआधी आणि नंतर, शिवाय कॅप बसवल्यावर, सी-आर्मचं (फिरत्या एक्स-रे यंत्राचं) चित्र घ्या आणि टोक जुळवा. हा तपास फुकटात होतो, पण घाईत नेमका हाच गाळला जातो.

लीड प्लॅनवर तंतोतंत बसूनही फायदा होत नसेल तर दोष लक्ष्यात आहे. मिडकमिशरल बिंदूपासून (एसी आणि पीसीच्या मधल्या बिंदूपासून) 12 मिमी बाहेर, 3-4 मागे, 4-5 खाली ही निव्वळ सरासरी. तिसरं व्हेंट्रिकल रुंद असेल तर केंद्रक आणखी बाहेर असतं. टी2वर (एमआरआयचा एक प्रकार) शेजारच्या रेड न्यूक्लियसची पुढची कड धरून एसटीएन थेट ओळखा.