नोकरी सांभाळून विमान शिकायचंय, लातूरहून परवडणारी फ्लाइंग स्कूल कशी निवडू?

तुम्ही लिहिलंय की लातूरला बँकेत नोकरी आहे, वय 29, नोकरी सोडणं शक्य नाही आणि शनिवार-रविवार जाऊन सीपीएल (पगारी पायलट होण्यासाठी लागणारं व्यावसायिक लायसन्स) करता येईल अशी सगळ्यात स्वस्त शाळा हवी आहे. मी संभाजीनगरचा. वाळूजच्या कारखान्यात नोकरी करत पीपीएल, म्हणजे खाजगी पायलटचं लायसन्स, पूर्ण केलं. त्या अनुभवावरून कळकळीने सांगतो, तासाचा दर बघून शाळा निवडू नका. आपल्यासारख्या नोकरदाराचा खर्च दरामुळे नाही, खंड पडल्यामुळे वाढतो.

माझ्या पहिल्या शाळेचं नाव घेत नाही. दर सगळ्यात कमी होता म्हणून तीन लाख आगाऊ भरले. शुक्रवारी रात्री बस धरायची, शनिवारी पहाटे हजर. ऑफिसच्या भिंतीवर पांढरा बोर्ड होता, त्यावर चार विमानांची कॉल साइन (रेडिओवरची नावं) आणि समोर मार्करने शेरा. दोघांपुढे कित्येक आठवडे ‘स्नॅग’, म्हणजे बिघाड, असं लिहिलेलं, तिसऱ्याचं इंजिन ओव्हरहॉलला, म्हणजे पूर्ण खोलून दुरुस्तीला, गेलेलं. उरलेल्या एका विमानावर तीसेक मुलं. हॉस्टेलवर राहणाऱ्यांचा नंबर आधी लागायचा, आणि ते रास्तच होतं. चार महिन्यांत नऊ चकरा झाल्या, उड्डाण झालं साडेसहा तास. त्यातही तीन आठवड्यांनी सीटवर बसलं की हात विसरलेला असायचा. धावपट्टीवर आल्यावर नाक नेमकं कधी उचलायचं, रडरवर (शेपटीची दिशा वळवणाऱ्या पेडलवर) पाय किती दाबायचा, हे डोक्याला माहीत असतं, हातापायांना नसतं. मग इन्स्ट्रक्टर तेच सर्किट अँड लँडिंग (धावपट्टीभोवती फेरी मारून उतरणं) पुन्हा करून घेतात आणि त्याचेही पैसे आपणच भरतो. उरलेली रक्कम परत मिळवायला आठ महिने लागले, तीही पूर्ण मिळाली नाही.

हिशोब करून बघा. पीपीएलला किमान 40 तास लागतात. तासाला 13 हजार घेणाऱ्या शाळेत खंड पडत पडत 60 तास लागले तर 7 लाख 80 हजार होतात. 16 हजारवाल्या शाळेत 45 तासांत झालं तर 7 लाख 20 हजार. बस, लॉज आणि बुडालेल्या सुट्ट्या यात धरल्याच नाहीत.

दुसऱ्या शाळेसाठी मी कारखान्यातल्या साहेबांच्या फक्त पाया पडायचं बाकी ठेवलं, पण जानेवारीत सलग 21 दिवसांची रजा घेतली. दर जास्त होता, पण 24 तास उड्डाण झालं आणि सोलोही (इन्स्ट्रक्टरशिवाय एकट्याने उड्डाण) तिथेच झाली. तुम्हीही अर्जित रजा साठवा आणि ऑक्टोबर ते मार्चमध्ये दोन-तीन सलग तुकड्यांत उडा. जून ते सप्टेंबर पावसात ढग खाली असतात, दिवसचे दिवस वाया जातात. एप्रिल-मेमध्ये दहानंतर तापलेल्या जमिनीवर विमान इतकं हेलकावे खातं की नवशिक्याला लँडिंग जमत नाही, तेव्हा फक्त पहाटेच्या सॉर्टी, म्हणजे उड्डाणाच्या फेऱ्या, कामाच्या.

आता सीपीएलचं स्पष्ट बोलतो. त्याला 200 तास लागतात, अर्जाच्या आधीच्या 5 वर्षांतले. त्यात 100 तास पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःकडे असताना उडवलेले, आणि त्यातले 15 शेवटच्या सहा महिन्यांतले. नियमात बसवता येतं, पण पूर्ण नोकरी करून ओढाताण भयंकर होते. म्हणून आधी पीपीएल करा. ते तास पुढे सीपीएलमध्ये धरले जातात, आणि हे आपल्याला झेपतं की नाही तेही कळतं. पीपीएलवर पगार घेऊन विमान उडवता येत नाही, एवढं घरी आधीच सांगून ठेवा. नोकरी करत खरोखर होणारी गोष्ट म्हणजे ग्राउंडचे पेपर, म्हणजे लेखी परीक्षा. नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन, टेक्निकल, प्रत्येकात 70 टक्के हवेत. रोज रात्री दोन तास दिले तर घरबसल्या अभ्यास होतो. बारावीला फिजिक्स-मॅथ्स नसेल तर एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालय) ते विषय देता येतात.

लातूरहून तुम्हाला कलबुर्गी जवळ पडेल. 2021 मध्ये विमानतळ प्राधिकरणाने फ्लाइंग स्कूलसाठी जे पाच विमानतळ निवडले त्यात कलबुर्गी आणि जळगाव होते. बारामती, धुळे, शिरपूर इथेही शाळा आहेत. डीजीसीएने (विमान वाहतुकीचं सरकारी नियामक खातं) 2025 पासून शाळांना श्रेणी द्यायला सुरुवात केली आहे, ती आधी बघा. प्रवासी विमानांची गर्दी असलेल्या विमानतळावर दर सारखा असला तरी खर्च वाढतो. चॉक (चाकाला लावायची अडणी) काढल्यापासून चॉक लावेपर्यंतचा वेळ मोजला जातो, आणि होल्डिंग पॉइंटवर, म्हणजे धावपट्टीच्या आधी थांबायच्या जागी, दुसऱ्याचं लँडिंग होईपर्यंत आपण इंजिन चालू ठेवून थांबलेलो असतो.

पैसे भरण्याआधी शाळेत दोन दिवस राहून या, आणि सकाळी सहाला हँगरपाशी उभे राहा. किती विमानं खरोखर बाहेर येतात ते मोजा. मुलं टाकीखाली वाकून छोट्या पारदर्शक कपात इंधन काढतात, उजेडाकडे धरतात. अव्हगॅस (छोट्या विमानाचं पेट्रोल) निळसर दिसतं, तळाशी पाण्याचा थेंब असेल तर वेगळा चमकतो. कुणी न सांगता प्रत्येक मुलगा हे करत असेल तर तिथल्या इन्स्ट्रक्टरवर माझा विश्वास बसतो. मग जुन्या मुलांना कँटीनमध्ये गाठा आणि विचारा, गेल्या महिन्यात तुझे किती तास झाले? कोटेशनमध्ये लँडिंग चार्जेस, हॉस्टेल, परीक्षकाची फी धरली आहे का तेही लिहून घ्या. पैसे दहा-दहा तासांचे भरा, एकरकमी अजिबात नको, आणि परतीची अट कागदावर घ्या. वडिलांची जमीन गहाण टाकायचा विचार असेल तर तो आत्ता बाजूला ठेवा.

सगळ्याच्या आधी मेडिकल. क्लास 2 (पीपीएलला लागणारी वैद्यकीय तपासणी) डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरांकडून करून घ्या, आणि सीपीएलचा विचार पक्का असेल तर क्लास 1 सुद्धा. माझ्या बॅचच्या एका मुलाने फी भरली आणि नंतर रंग ओळखण्याच्या चाचणीत अडकला. तुमची पहिली रजा मेडिकलसाठीच टाका.