मेडिक्लेम, मोटार आणि मथळे : वाचकांच्या विमा-शंका

या वेळची बरीच पत्रं ‘पेपरात वाचलं की…’ अशीच सुरू होतात. त्यामुळे आधी बातमी काय होती ते बघू आणि मग पॉलिसीत काय लिहिलंय ते.

प्रश्न (कारेलीबाग, वडोदरा) : ‘शंभर रुपयांच्या दाव्यांमागे कंपन्या ७१ रुपयेच देतात, १५,१०० कोटी नाकारले’ असं वाचलं. माझ्या पाच लाखांच्या मेडिक्लेममध्ये २,४२,००० च्या बिलातून ६५,००० कापले. खोली दिवसाला ८,००० ची घेतली होती, मर्यादा ५,००० ची. चार दिवसांचे जास्तीचे १२,००० जातील हे समजू शकतो. उरलेले कुठे गेले?

उत्तर : बातमीतले आकडे विमा नियामक प्राधिकरणाच्या (आयआरडीएआय) २०२३-२४ च्या वार्षिक अहवालातले आहेत आणि ते खरे आहेत. सुमारे १.१७ लाख कोटींच्या दाव्यांपैकी ८३,४९३ कोटी दिले गेले. गल्लत ‘नाकारले’ या शब्दात आहे. पूर्ण फेटाळलेले दावे १०,९३७ कोटींचे होते. १५,१०० कोटी ही पॉलिसीच्या अटींवर बोट ठेवून अमान्य केलेली रक्कम आहे आणि अहवालात ती वेगळी दाखवली आहे. उरलेले दावे वर्षअखेर प्रलंबित होते. मथळ्यात या तिन्हींचा एकच काला झाला.

तुमचा दावा फेटाळलेला नाही, कापलेला आहे. हिशेब असा. मर्यादा ५,०००, खोली ८,०००, म्हणजे प्रमाण ६२.५ टक्के. हे प्रमाण फक्त खोलीभाड्याला लागून थांबत नाही. मोठ्या खोलीत सर्जनची फी, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे सगळं महागतं, म्हणून त्या रकमांनाही तेच प्रमाण लावतात. तुम्ही पाठवलेल्या बिलाप्रमाणे :

खोली ३२,००० पैकी २०,००० मिळाले. सर्जन, थिएटर वगैरे १,२०,००० पैकी ७५,०००. औषधं ३५,००० ची होती, त्यातले हातमोजे, मास्क, थर्मामीटर, कमरेचा पट्टा असे ‘न मिळणारे’ ८,००० वजा होऊन २७,०००. इम्प्लांट ४०,००० आणि तपासण्या १५,००० पूर्ण. बेरीज १,७७,०००. म्हणजे कपात नियमाला धरून आहे. तुमच्या खिशाला जे लागलं त्यातले सगळ्यात जास्त, ४५,०००, सर्जन-थिएटरच्या ओळीत गेले.

आता इतर वाचकांसाठी महत्त्वाचं. २०२० च्या नियमांनुसार औषधं, इम्प्लांट, उपकरणं आणि तपासण्या यांना हे प्रमाण लावता येत नाही, आयसीयूच्या खर्चालाही नाही. ज्या दवाखान्यात खोलीप्रमाणे फी बदलत नाही तिथे तर प्रमाणशीर कपातच करता येत नाही. तरीही टीपीएचा (कंपनीसाठी दावे तपासणाऱ्या संस्थेचा) माणूस कधीकधी सरसकट बेरजेला ६२.५ टक्के लावून मोकळा होतो. तसं झालं असतं तर ‘न मिळणारे’ ८,००० वजा जाता उरलेल्या २,३४,००० वर तुम्हाला १,४६,२५० मिळाले असते, म्हणजे ३०,७५० आणखी कमी. म्हणून दावा पास झाल्याचा मेसेज आला की ‘कपातीचा ओळवार तक्ता पाठवा’ एवढा ईमेल करायचाच. ॲडमिशनच्या खिडकीवर खोली निवडण्याआधी एकच विचारावं : ‘खोलीप्रमाणे डॉक्टरांची फी बदलते का?’

प्रश्न (दांडिया बाजार) : आपल्याच शहरातल्या ग्राहक मंचाने ‘विम्यासाठी २४ तास दाखल असण्याची गरज नाही’ असा निकाल दिला होता ना? मग माझ्या आईला सहा तासांनी घरी सोडलं म्हणून दावा का नाकारला?

उत्तर : निकाल खरा आहे, मार्च २०२३ चा. २०१६ मध्ये दाखल झालेल्या एका रुग्णाचा ४४,४६८ रुपयांचा दावा २४ तास न भरल्याने नाकारला होता. मंचाने तो ९ टक्के व्याजासह द्यायला सांगितला. आता तंत्र सुधारल्यामुळे उपचार लवकर आटोपतात, असा युक्तिवाद मान्य झाला. पण जिल्हा मंचाचा निकाल त्या दोन पक्षांना बांधतो. त्याने देशभरच्या पॉलिसीतलं कलम पुसलं जात नाही. बातमीत ते वाक्य येत नाही, कारण मग बातमी उरत नाही.

आईंच्या बाबतीत पाहायचं ते हे : मोतीबिंदू, डायलिसिस, केमोथेरपी, लिथोट्रिप्सी (मूतखडा फोडणं) यांसारखे डे-केअर उपचार २४ तासांच्या अटीतून आधीच सुटलेले असतात. भूल देऊन (पूर्ण किंवा जागेपुरती) केलेली प्रक्रिया असेल आणि पूर्वी त्यासाठी दिवसभराहून अधिक राहावं लागत असे, तर तसं डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि फेरविचाराला पाठवा. निकालाची प्रत जोडायलाही हरकत नाही, वजन पडतं. मात्र नुसत्या तपासण्यांसाठी किंवा निरीक्षणाखाली सहा तास ठेवलं असेल तर दावा टिकणं कठीण. तपासणीपुरतं दाखल होणं हे वेगळ्या कलमाने वगळलेलं आहे. डिस्चार्ज कार्डावर दाखल झाल्याची आणि सोडल्याची वेळ मिनिटांसह आहे का तेही बघा. ती नसते म्हणून कितीतरी फायली परत येतात.

प्रश्न (मांजलपूर) : जीएसटी शून्य झाला. वडिलांच्या (वय ६३) मेडिक्लेमला आधी ३६,००० अधिक कर मिळून ४२,४८० भरत होतो. आता ४०,००० मागतात. उरलेला फायदा कुणी खाल्ला?

उत्तर : २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि वैयक्तिक आरोग्यविमा, फॅमिली फ्लोटरसह (अख्ख्या कुटुंबाची एकच पॉलिसी), करमुक्त झाला. पूर्वी १८ टक्के होता, तुमचे ६,४८० त्यातलेच. कर गेला खरा, पण त्याचबरोबर कंपनीने एजंटचं कमिशन, ऑफिसचं भाडं यांवर भरलेल्या जीएसटीची वजावटही गेली. तो खर्च आता तिच्या अंगावर आहे आणि तो कुठेतरी उगवणारच.

तुमच्या बाबतीत मूळ हप्ता ३६,००० वरून ४०,००० झाला, म्हणजे ११.१ टक्के वाढ. इथे थांबा. नियामकाने ३० जानेवारी २०२५ रोजी सांगितलं आहे की साठ वर्षांवरच्यांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर कंपनीने आधी प्राधिकरणाशी सल्लामसलत करावी. कंपनीला लेखी विचारा : मूळ हप्ता किती, वयाचा टप्पा बदलल्याने किती, मागच्या वर्षीची कोणती सूट काढली? बऱ्याचदा सूट काढून घेतलेली असते आणि ती वाढ म्हणून दिसते.

बँकेने खातेदारांना दिलेली किंवा मुलाच्या कंपनीची पॉलिसी असेल तर ती ग्रुप पॉलिसी आहे. तिच्यावर १८ टक्के अजून आहेच.

प्रश्न (समा) : पावसाळा तोंडावर आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये आमच्या सोसायटीच्या बेसमेंटमधल्या गाड्या बुडाल्या. एकाला पूर्ण रक्कम मिळाली, दुसऱ्याचा इंजिनचा दावा साफ नाकारला. दोघांची पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह (आपल्या गाडीचं नुकसानही धरणारी). असं का?

उत्तर : त्या पुरात विश्वामित्री नदीने ३५ फुटांची पातळी ओलांडली होती, त्यामुळे प्रश्न एकट्या समाचा नाही. फरक बहुतेक चावीचा आहे. पाण्यात उभी असलेली गाडी चालू केली की हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये जातं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. सर्व्हेअर इंजिन उघडून पहिल्यांदा तोच रॉड बघतो. वाकलेला दिसला की ‘पुराने नव्हे, चालू केल्याने झालेलं नुकसान’ असा शेरा पडतो, आणि साध्या कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये ते बसत नाही. त्याला इंजिन प्रोटेक्ट हे वेगळं कलम लागतं, ते नूतनीकरणाच्या वेळीच घ्यावं. गाडी जुनी असेल तर मिळेलच असं नाही. गाडी चालूच केली नसेल तर सफाई, ऑइल बदलणं, वायरिंग, सीट हे साध्या पॉलिसीतही मिळतं.

पाणी ओसरल्यावरचा क्रम : चावी लावायची नाही, दिवे लागतात का तेही बघायचं नाही. दारावर, सीटवर, डॅशबोर्डवर पाण्याची रेघ राहिलेली असते. धुण्याआधी तिचे फोटो, नंबरप्लेट दिसेल असे. मग बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, कंपनीला कळवून दावा क्रमांक घ्या, आणि गाडी फ्लॅटबेडवर चढवून न्या. ओढून नेण्याचा खर्च साध्या पॉलिसीत कारसाठी १,५०० रुपयांपर्यंतच मिळतो. पुराच्या आठवड्यात तेवढ्यात कोण येतं? पावती मात्र ठेवा. शेजाऱ्याचा ओळखीचा मेकॅनिक ‘एकदा सेल्फ मारून बघू’ म्हणतो, त्याला गाडीपाशी येऊ देऊ नका.

पैशांचा हिशेबही आधीच माहीत असावा. गाडीचं वय तीन ते चार वर्षं असेल तर धातूच्या भागांवर २५ टक्के घसारा, प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरीवर ५० टक्के, मजुरीवर काही नाही. समजा धातूचे व इतर भाग १,२०,०००, प्लास्टिक-रबर-बॅटरी ६०,०००, मजुरी ४०,०००. बिल २,२०,०००. मिळणार ९०,००० अधिक ३०,००० अधिक ४०,०००, त्यातून दर दाव्यात आपण सोसायचे सक्तीचे १,००० वजा (१५०० सीसीपर्यंत) : १,५९,०००. झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कलम) असेल तर या बिलात जवळजवळ हे हजारच तुमचे.

तुमच्या पहिल्या शेजाऱ्याला पूर्ण रक्कम मिळाली त्याचं कारण हे असावं : दुरुस्तीचा अंदाज गाडीच्या विमामूल्याच्या (आयडीव्ही) ७५ टक्क्यांवर गेला की गाडी ‘टोटल लॉस’ धरतात. आयडीव्ही ६ लाख असेल तर सीमा ४.५ लाख. हप्ता वाचवायला आयडीव्ही कमी लावणाऱ्याचं इथे नुकसान होतं. आणि दावा घेतला की नो क्लेम बोनस (दावा न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो. तो ५० टक्क्यांवर पोचला असेल तर किरकोळ सफाईचा दावा न घेतलेलाच बरा.

प्रश्न (रावपुरा) : ‘आता शंभर टक्के परदेशी कंपन्या येणार, जुनी मोडा, नवी चांगली मिळेल’ असं एजंट सांगतात. सल्ला द्यावा.

उत्तर : मोडू नका. परकीय गुंतवणुकीची मर्यादा २०१५ मध्ये ४९ टक्के, २०२१ मध्ये ७४ टक्के झाली आणि डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने १०० टक्क्यांचं विधेयक संमत केलं. मालकाचा हिस्सा बदलला म्हणून तुमचा करार बदलत नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून एका वर्षानंतरही सरेंडरची (मुदतीआधी पॉलिसी मोडण्याची) काही रक्कम मिळते, पण तोटा होतोच. शिवाय विमा कायद्याच्या कलम ४५ मधली तीन वर्षं, ज्यांच्यानंतर कंपनी आयुर्विम्यावर शंका घेऊ शकत नाही, ती नव्या पॉलिसीत पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजली जातात. एजंटचं नवं कमिशनही त्याच दिवसापासून.

प्रश्न (अकोटा) : सासूबाईंची पॉलिसी २०१८ ची, ३ लाखांची. २०२२ मध्ये पोर्ट केली (दुसऱ्या कंपनीकडे नेली), २०२३ मध्ये ५ लाख केली. आता ‘मधुमेह लपवला’ म्हणून अख्खा दावा नाकारला. तो त्यांना तेव्हा होता की नाही हेच आम्हाला माहीत नाही.

उत्तर : एप्रिल २०२४ पासूनच्या नियमांत सलग ६० महिने हप्ते भरल्यावर माहिती दिली नाही या कारणाने दावा नाकारता येत नाही. अपवाद सिद्ध झालेल्या फसवणुकीचा, आणि ती सिद्ध करायची ती कंपनीने. पोर्ट केल्याने आधीची वर्षं बुडत नाहीत. म्हणजे मूळ ३ लाखांना संरक्षण आहे. वाढवलेल्या २ लाखांचे ६० महिने २०२३ पासून मोजायचे, ते अजून भरलेले नाहीत. पत्रात हे दोन भाग वेगळे मांडा.

‘मधुमेह जुना’ हे कंपनीला कुठून कळलं ते शोधा. बहुतेकदा ॲडमिशनच्या केसपेपरवर ‘डायबेटिस, दहा वर्षं’ असं लिहिलेलं असतं आणि ते रात्री कॅज्युअल्टीत घाबरलेल्या नातेवाइकाने अंदाजाने सांगितलेलं असतं. पहिल्यांदा साखर निघाली तेव्हाचा रिपोर्ट किंवा चिठ्ठी आणि नेहमीच्या डॉक्टरांचा दाखला मिळवा. कंपनीकडून मूळ प्रपोजल फॉर्मची प्रत मागा. त्यावरच्या खुणा सासूबाईंनी केल्या की एजंटने, हे हस्ताक्षरावरून दिसतं. दावा फेटाळण्याआधी कंपनीच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीची मंजुरी लागते, ती घेतली का हेही विचारा.

हे सगळं कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेलने पाठवा. उत्तराला दोन आठवडे. समाधान झालं नाही तर नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ वर नोंदवा. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. गुजरातसाठी ते अहमदाबादला बसतात, ५० लाखांपर्यंतचे दावे ऐकतात, फी नाही, वकील चालत नाही. कंपनीचं अंतिम उत्तर आल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज हवा. लोकपालांचा निवाडा कंपनीला पाळावाच लागतो. तुम्हाला पटला नाही तर ग्राहक आयोगाचं दार उघडं राहतं. उलट क्रमाने जाऊ नका : आयोगात केस टाकली की लोकपाल तीच तक्रार घेत नाहीत.