आधी पांढरा कप काढ, मग अ‍ॅब्स्ट्रॅक्टचं बघू

अगं, तुझा लांबलचक मेसेज वाचला. मोबाईलमध्ये एवढा भारी कॅमेरा असताना रिअ‍ॅलिस्टिक कशाला घासत बसायचं, डिप्लोमा झाला की थेट अ‍ॅब्स्ट्रॅक्टच, म्हणजे ओळखीची आकृती नसलेली चित्रंच करणार, असं तुझं म्हणणं. आणि घरी बाबा म्हणतात की असलं तर शेजारचं पोरगं पण काढेल. मला दोघांचंही पटलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तू रिअ‍ॅलिस्टिक म्हणून जे पोर्ट्रेट पाठवलंस ना, ते फोटोवर चौकोनांची ग्रिड मारून, चौकोन बघून उतरवलेलं आहे हे लगेच कळतं. हात स्वच्छ आहे तुझा, पापणीचा केस न् केस काढलायस, लाइक्स पण भरपूर पडले असतील. पण त्यात बघायचं काम कॅमेऱ्यानेच उरकलंय, तू ते उतरवून घेतलंस. त्याचा कंटाळा आला असेल तर बरंच झालं. मी सांगतोय ते वेगळं. सकाळी खिडकीपाशी पांढऱ्या चादरीवर पांढरा कप ठेव आणि डोळे किलकिले करून बघत बस. कपाची सावलीकडची बाजू चादरीच्या उजेडातल्या भागापेक्षा चांगलीच डार्क दिसेल, पण खाली बुडापाशी चादरीवरचा उजेड उलटा कपावर चढलेला असतो, आणि एखाद्या ठिकाणी तर कपाची कडच सापडत नाही, चादरीत विरून जाते. आता ती कड ठणठणीत काढायची का तशीच सोडून द्यायची? इथे खरं ड्रॉइंग सुरू होतं. 'कप पांढरा असतो' हे डोक्यातून काढून टाकायला भल्याभल्यांना वर्षं लागतात. आणि अ‍ॅब्स्ट्रॅक्टमध्ये तरी वेगळं काय असतं, एका टोनशेजारी (टोन म्हणजे रंग किती फिका, किती गडद) दुसरा किती चढवायचा, कड कुठे सोडायची, कुठे थांबायचं, एवढंच हाताशी, आणि तिथे आधाराला कप पण नसतो.

सावळाराम हळदणकरांचं दिवा घेतलेल्या बाईचं चित्र तू बघितलं असशीलच, 'ग्लो ऑफ होप', जे निम्मे लोक रविवर्म्याचं म्हणून फॉरवर्ड करतात (त्यांना कितीही सांगा!). मॉडेल त्यांची स्वतःचीच मुलगी होती. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे आणि ते ऑइल नाही, वॉटरकलर आहे. ज्योतीसमोर धरलेली बोटं बघ, आतून तांबूस पेटल्यासारखी दिसतात. वॉटरकलरमध्ये असा उजेड मागाहून लावता येत नाही, तो आधीच राखून ठेवावा लागतो, एकदा गडद वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा थर, बसला की कागदाचा पांढरा गेला तो गेला. म्हणजे ब्रश टेकवायच्या आधीच माणसाने बघून ठेवलेलं होतं सगळं.

तू अ‍ॅब्स्ट्रॅक्टवाल्या वासुदेव गायतोंडेंचं नाव घेतलंस, २०२१ला त्यांचं चित्र लिलावात जवळपास ४० कोटींना गेलं वगैरे. पैशाचं राहू दे. ते १९४८ला मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमधून डिप्लोमा घेऊन बाहेर पडले, सुरुवातीला आकृत्याच काढत होते, आपल्या मिनिएचर, म्हणजे जुन्या लघुचित्रांचा अभ्यास होता, आणि मग हळूहळू आकृती गळत गेली. पुढे रोलर आणि नाइफने थरावर थर चढवत काम करायचे, वर्षाकाठी मोजकीच चित्रं व्हायची. बाबांना म्हणावं, शेजारच्या पोराला एवढा वेळ थांबता येतंय का बघा. डच अ‍ॅब्स्ट्रॅक्ट चित्रकार मॉन्द्रियानची झाडं पण शोध, लाल झाड, मग १९११चं करडं झाड, मग १९१२चं फुललेलं सफरचंदाचं झाड, ओळीने लावून बघ. फांद्यांच्या मधल्या मोकळ्या जागा झाडाइतक्याच महत्त्वाच्या होत जातात, आणि ते खऱ्या झाडाकडे बघूनच सुचलेलं असतं.

अ‍ॅब्स्ट्रॅक्टच्या सुरुवातीच्या चित्रकारांपैकी रशियन कँडिन्स्की तर कायदा शिकलेला माणूस, १८९६मध्ये तिशीत नोकरी नाकारून म्युनिकला चित्रकला शिकायला गेला. तिथले मॉडेल समोर बसवून ड्रॉइंग करायचे क्लास त्याला अजिबात आवडायचे नाहीत. पुढे अ‍ॅकॅडमीत श्टुक नावाचे मास्तर भेटले, त्यांना याचे भडक रंग झेपेनात, म्हणाले काही दिवस नुसतं काळ्यापांढऱ्यात काम कर, फॉर्म शिक. रंगासाठी जीव टाकणाऱ्या माणसाला हे! पण त्याने केलं.

हां, हुबेहूब काढता येतं म्हणून अ‍ॅब्स्ट्रॅक्ट चांगलं होतंच असं मी म्हणत नाहीये. आयुष्यभर सुंदर घाट न् नावा रंगवणारे पुष्कळ आहेत ज्यांना नुसते दोन रंग शेजारी ठेवायला सांगितलं तर घाम फुटतो. आणि ड्रॉइंगमध्ये फार न रमताही मोठं काम केलेली माणसं आहेत, नाही असं नाही. पण तुझं मला दिसतंय ते असं की हाताचे पंजे जमत नाहीत म्हणून तू आकृती सोडतेयस. तुझ्या त्या मोठ्या निळ्या कॅनव्हासमध्ये सगळे निळे एकाच टोनचे आहेत, मोबाईलवर ब्लॅक अँड व्हाइट फिल्टर टाकून बघ, पूर्ण राखाडी पाटी दिसेल. ही तीच अडचण आहे, कॅनव्हास मोठा घेतल्याने ती जात नाही.

तर निळा कॅनव्हास फेकू नकोस, भिंतीला उलटा लावून ठेव. दिवाळीपर्यंत एकच रंग, बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी घे, आणि कप, तांब्या, आईचा हात, बाबा पेपर वाचताना, जे समोर दिसेल ते, फोटोवरून अजिबात नाही. छोट्या साइझमध्येच कर, चांगला कागद वाया घालवू नकोस, साधा कार्ट्रिज ड्रॉइंग पेपर चालेल. फसलेली पण पाठव, उलट तीच आधी पाठव. आणि कृपा करून एडिट करून पाठवू नकोस, कागद पिवळा दिसला तरी चालेल.

— सर